वर्गातून वॉर्डात

दर वर्षी जून महिन्यात कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. बारावी कला शाखेतून चांगल्या टक्क्यांनी पास झालेली मुलगी येते आणि विचारते, "सर, बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म कुठं भरायचा?" तिच्या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं असतं. बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. अकरावीच्या अर्जात कला शाखा भरली त्या दिवशी हा दरवाजा बंद झाला, आणि तो बंद होतोय हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

याच मुलीला जीएनएमला मात्र जाता येतं. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्यांना खुला आहे. बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. जीएनएम करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आणि पुढे एमएस्सीही करता येतं. म्हणजे तिची वाट लांबते, पण ती पदवीपर्यंत पोचते. हेही तिला कळलं नाही, तर ती जवळच्या कॉलेजात बीए प्रथम वर्षाला नाव घालते, घरात स्थळं यायला लागतात आणि नर्सिंगचा विषय तिथंच मिटतो.

शाळकरी मुलांना आरोग्यक्षेत्राच्या शिक्षणापर्यंत पोचवायचं, तर मदत बारावीच्या निकालानंतर सुरू होऊन भागत नाही. ती नववीत सुरू व्हावी लागते आणि प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने पार पडेपर्यंत टिकावी लागते. महाराष्ट्रात अभ्यासक्रम आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, रुग्णालयांना माणसं हवी आहेत आणि मुलांना, विशेषतः मुलींना, या कामाची ओढही आहे. पण शाळेच्या शेवटच्या वर्गापासून वॉर्डातल्या पहिल्या दिवसापर्यंतचा मधला टप्पा कुणाच्याच गळ्यात बांधलेला नाही. शाळा निकालापाशी थांबते आणि कॉलेज प्रवेशापासून सुरू होतं.

आपल्या घरांमध्ये आरोग्यक्षेत्र म्हटलं की डॉक्टर आणि डॉक्टर म्हटलं की नीट, एवढंच डोळ्यांसमोर येतं. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून अधिक मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. उरलेल्यांपैकी काही दंतवैद्यकाला, आयुर्वेदाला, होमिओपॅथीला जातात. बाकीची 'रिपीटर बॅच'ला. दोनदा रिपीट केलेला मुलगा वीस वर्षांचा होतो, घरची शिल्लक क्लासच्या फीमध्ये गेलेली असते आणि आपण नापास आहोत ही भावना त्याच्या मनात घट्ट बसलेली असते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा व श्रवणोपचार, कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं या पदव्यांचे आपल्या राज्यातले प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात, ही गोष्ट त्यांतल्या अनेकांना फार उशिरा कळते. श्रवणोपचार करणारी व्यक्ती नेमकं काय करते, हेच माहीत नसेल तर मुलगा पसंतीक्रमात तिथं नाव कसं लिहील?

नीटच्या वाटेवरही चांगलं काम झालेलं आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' ही चळवळ मेळघाटातल्या आदिवासी मुलांची तयारी करून घेते, तेही पैसे न घेता. शिकवणारे स्वतः नुकतेच त्या परीक्षेतून गेलेले, त्यातले बरेच खेड्यांतून आलेले. मुलगा कुठं अडतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच, की वाट दाखवणारा माणूस चार-पाच वर्षांनीच पुढे आहे. नर्सिंगसाठी, प्रयोगशाळा तंत्रज्ञांसाठी, डायलिसिस तंत्रज्ञांसाठी अशी शिकवणी क्वचितच दिसते.

खरं तर रुग्णालय चालतं ते या माणसांवर. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, भूल देताना यंत्र सांभाळणारा, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी चार तास उभा राहणारा, डोळ्यांचा नंबर काढणारा, आहार ठरवणारी. या सगळ्यांना आपण आजवर 'टेक्निशियन' या एका शब्दात गुंडाळलं आणि त्यांच्या शिक्षणावर देशपातळीवर एकसारखं नियंत्रण नव्हतं. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात दहा गटांमध्ये पन्नासहून अधिक व्यवसायांची नावं आहेत. किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण असल्याशिवाय संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवता येत नाही, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तास लागतात. पाठोपाठ २०२३ साली नर्सिंगचाही नवा कायदा झाला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषदेच्या कायद्याची जागा त्याने घेतली. दहावीतल्या मुलाला ही कलमं पाठ असण्याची गरज नाही. पण गल्लीतल्या 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा' या फलकाची किंमत त्याच्या शिक्षकाला या तासांच्या आकड्यावरून चटकन करता यायला हवी.

फसवणूक याच ठिकाणी होते. बसस्थानकाजवळ दोन खोल्यांचं 'पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट' असतं, फी हप्त्यांनी घेतली जाते, भिंतीवर स्टेथोस्कोप लटकवलेल्या मुलींचे फोटो असतात. प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर सरकारी भरतीत अर्जच बाद होतो. नर्सिंगची संस्था पारखण्याची एक साधी कसोटी पालकांना सांगून ठेवावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे संस्थेचं किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय असावं लागतं. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एका कामाच्या दिवशी सकाळी त्या रुग्णालयात जाऊन यावं. खाटांवर पेशंट आहेत का? ओपीडीत रांग आहे का? प्रसूती विभागात बाळाच्या रडण्याचा आवाज येतो का? रिकाम्या वॉर्डात कुणीही नर्स होत नाही. संस्थेचं नाव परिषदेच्या संकेतस्थळावर आहे की नाही, हे शाळेच्या संगणकावर पाच मिनिटांत बघता येतं. ते शाळेने बघून द्यावं.

महाराष्ट्राला या कामाचा वारसा मोठा आहे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांतच तिथल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्या काळी परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, रात्री घराबाहेर राहणं, मलमूत्र उचलणं, ही तिन्ही कामं घरंदाज समजल्या जाणाऱ्या बाईला वर्ज्य होती. सेवासदनाने मुलींना नुसतं रुग्णालयात पाठवलं नाही. त्यांच्या राहण्याची सोय केली, लिहिण्या-वाचण्याचे वर्ग घेतले आणि घरच्यांची समजूत काढण्याचं कामही अंगावर घेतलं. शाळा, वसतिगृह आणि रुग्णालय एका हाताने जोडलेलं होतं. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत, प्रत्येकीला वेगळं खातं आहे, आणि जोडणारा हात नाही.

शाळेच्या बाजूने प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. २०१६ पासून राज्यात दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू झाली. सात क्षेत्रांपैकी एक आरोग्यविज्ञानाचं होतं, आणि लाखो मुलांच्या हातात आपला कल सांगणारा कागद पडला. तो कागद घेऊन पुढे कुणाकडे जायचं, हे मात्र त्यावर नव्हतं. अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, नेत्रतंत्रज्ञ असे विषय अनेक वर्षांपासून आहेत. त्यातली अडचण अशी, की तिथं भौतिक-रसायन-जीवशास्त्र हे स्वतंत्र विषय म्हणून घेतलेले नसतात. म्हणजे ज्या मुलाने पंधराव्या वर्षीच आरोग्याचं काम निवडलं, त्यालाच आरोग्यशास्त्राच्या बऱ्याच पदव्यांचे दरवाजे बंद. हा अन्याय आहे असं मला स्पष्ट वाटतं. ज्याने सगळ्यांत आधी ठरवलं, त्याला पुढे नेणारा पूरक अभ्यासक्रम हवा. माध्यमिक शाळांमध्ये कौशल्य विषयांच्या यादीतही 'आरोग्यसेवा' हा विषय आला आहे, पण तो किती जिवंत शिकवला जातो हे त्या शाळेला जवळचं रुग्णालय दारात उभं करतं की नाही यावर अवलंबून असतं.

या सगळ्यात मला सर्वांत खरा वाटलेला प्रयोग जुना आहे आणि त्याचं नाव आरोग्य शिक्षणाच्या चर्चेत कधी घेतलं जात नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथं विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञान' हा अभ्यासक्रम राज्यातल्या अनेक ग्रामीण शाळांत आठवी ते दहावीला पोचला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि शेती-पशुपालन यांच्या जोडीला गृह-आरोग्य असा एक विभाग आहे, आणि त्यात मुलं रक्तगट तपासायला शिकतात.

तो तास कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. टेबलावर काचपट्टी, स्पिरिटचा बोळा, एकदाच वापरायच्या सुया आणि तीन छोट्या बाटल्या: एकीत निळं द्रावण, दुसरीत पिवळं, तिसरीत रंग नसलेलं. नववीतली मुलगी मैत्रिणीचं बोट पुसते, दाबून धरते, टोचते. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेते, प्रत्येकात एकेका बाटलीतला थेंब सोडते आणि वेगवेगळ्या काड्यांनी ढवळते. मग पट्टी हळूहळू डुलवत सगळ्याजणी वाकून बघतात. निळ्यात गुठळ्या झाल्या, पिवळ्यात रक्त तसंच राहिलं, तिसऱ्यात पुन्हा गुठळ्या. "ए पॉझिटिव्ह," ती म्हणते आणि वहीत तारीख घालून लिहिते. सुई वेगळ्या डब्यात जाते. या पंधरा मिनिटांत तिचा हात थरथरला की स्थिर राहिला, रक्त बघून पोटात ढवळलं की नाही, मैत्रीण घाबरली तेव्हा तिला धीर देता आला की नाही, हे तिचं तिला कळतं. कुठल्याही कल चाचणीच्या कागदावर ते येत नाही. कुणाला त्याच तासाला कळतं की हे काम आपलं नव्हे, आणि तेही दहावीच्या आधी कळलेलं बरं.

पैशाचा प्रश्न घ्यायचा तर आधी कागदपत्रांचा घ्यावा लागतो. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी जाहीर केली. हा फार मोठा निर्णय आहे. पण ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. फेऱ्या चालू असताना घाबरून संस्थेच्या कोट्यातली जागा घेतली, की माफी गेली. दलालाला हे नेमकं माहीत असतं. मुलीच्या वडिलांना नसतं. त्यात उत्पन्नाचा दाखला, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता हे सगळं निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत गोळा करायचं म्हटलं तर सेतू केंद्राबाहेरच्या रांगेतच मुदत संपते. वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव मुलं अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जायला हवा. एखाद्या कॉलेजातला एकच लिपिक मनावर घेऊन हे काम करतो आणि तिथल्या मुलांचे प्रवेश सुरळीत होतात; त्या लिपिकाची बदली झाली की पुन्हा गोंधळ. शुल्क माफ झालं तरी वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं आणि गावी येण्या-जाण्याचं भाडं उरतंच. शेतमजुराच्या घरात ही रक्कम शुल्काइतकीच जड असते.

मग भाषा. मराठी माध्यमात शिकलेली, सेमी इंग्रजीचाही स्पर्श न झालेली मुलगी नर्सिंगच्या पहिल्या महिन्यात शरीररचनाशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक उघडते. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड तिला नीट येतात, पण तिथं सगळंच नव्या नावांनी आलेलं असतं. ती हुशार असते आणि तरी मागे पडते. याला उपाय आहे आणि तो महागही नाही. बारावीची परीक्षा संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत तीन-चार महिने हाताशी असतात. त्या काळात रोज तासभर इंग्रजी घ्यावं, पण सर्वसाधारण संभाषणाचं नव्हे. टीपीआर चार्ट कसा भरतात, इनटेक-आउटपुट कसं लिहितात, ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची हकीकत चार वाक्यांत कशी सांगायची, औषधाचा डोस मिलिग्रॅमवरून मिलिलिटरमध्ये कसा काढायचा. शेवटचं तर गणित आहे, आणि पहिल्या वर्षी मुली सर्वांत जास्त घाबरतात ते त्यालाच. निवृत्त सिस्टर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांना बोलावलं तर त्या आनंदाने येतील.

प्रवेश मिळाला की शाळा आपलं काम संपलं समजते. मुलं गळतात ती त्यानंतर. वसतिगृह, मेसचं जेवण, पहाटेची ड्युटी, पहिल्यांदा उचललेलं बेडपॅन, पहिल्यांदा पाहिलेला मृत्यू. सतराव्या-अठराव्या वर्षी हे सोपं नाही. दिवाळीला घरी आलेली मुलगी परत जायला तयार होत नाही, आणि आई म्हणते, राहू दे. नर्सिंगच्या शाळांत दिवे लावून शपथ घेण्याचा समारंभ होतो, आई-वडील कौतुकाने येतात. तिथवर पोचलेली मुलगी सहसा टिकते. त्याआधीच्या महिन्यांत तिला फोन करणारं कुणीतरी हवं, शक्यतो तिच्याच गावाकडची, दोन वर्षं पुढे असलेली मुलगी. शाळेने माजी विद्यार्थिनींचे नंबर एका वहीत ठेवले तरी अर्धं काम होतं.

मुलग्यांबद्दलही बोललं पाहिजे. एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी असला तरी जीएनएम आणि बीएस्सी मुलग्यांना खुलं आहे. वॉर्डात 'ब्रदर' म्हणून काम करणारे तरुण आता सगळीकडे दिसतात. पण शाळेत नर्सिंगची माहिती द्यायची तर फक्त मुलींना थांबवलं जातं. ही सवय शिक्षकांनी मोडावी.

मुलांना या क्षेत्रात बोलावताना पगाराबद्दल खरं सांगायला हवं. छोट्या खासगी रुग्णालयांत नर्सेसना मिळणारं वेतन कित्येकदा लाजिरवाणं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांवरून नेमलेल्या समितीने २०० खाटांहून मोठ्या खासगी रुग्णालयांत सरकारी नर्सइतकंच वेतन द्यावं आणि ५० खाटांहून लहान ठिकाणीही ते महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावं, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. मुलीला चार वर्षं शिकवून, कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन, शेवटी तिच्या हातात मजुराच्या रोजाइतके पैसे पडणार असतील तर तिच्या पाठच्या बहिणीला कोणत्या तोंडाने बोलवायचं? परदेशाची वाट आता मराठी मुलांनाही दिसू लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. केरळच्या मुलींनी ही वाट कित्येक दशकांपूर्वी धरली. जायचं असेल त्यांनी जरूर जावं. पण इथल्या उपकेंद्रात राहणाऱ्या नर्सबाईलाही सन्मानाने जगता यावं, ही जबाबदारी त्या करारामुळे हलकी होत नाही.

आता नववीत ही माहिती द्यायची कुणी? मार्गदर्शनासाठी नवं पद, नवी योजना, नवं पोर्टल यांची वाट बघण्याचं कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतात आणि ते वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. म्हणजे या क्षेत्रातले तीन वेगवेगळे व्यवसाय चालत शाळेच्या दारात येतात, मुलांचे दात, डोळे, वजन बघतात आणि गाडीत बसून निघून जातात. त्या दिवसाचा शेवटचा तास नववीच्या वर्गाला द्यावा. नर्सने सांगावं ती कुठल्या गावची, बारावीला कुठले विषय होते, किती खर्च आला, पहिला पगार किती होता, रात्रपाळीत मुलाला कुणाकडे ठेवते. औषधनिर्मात्याने त्याचं सांगावं. मुलांनी विचारावं. मग दहावीनंतरच्या सुट्टीत इच्छुक मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडाभर नुसतं बसू द्यावं: केसपेपर काढताना, लसीकरणाच्या दिवशी नावं पुकारताना, शीतपेटीचं तापमान लिहिताना. सुई, रक्त आणि औषध यांना हात न लावता करण्यासारखी पुष्कळ कामं तिथं असतात. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि माध्यमिक शिक्षणाधिकारी, दोघेही जिल्हा परिषदेतच बसतात. यासाठी लागणारं पत्र त्यांना एका दुपारी मिळून काढता येईल.